पडद्यावरचा डोळा

प्रिय छोटी,


दूरचित्रवाणीवरील एखाद्या आवाजाने किंवा आकृतीने लहान मूल घाबरले की त्या भीतीचे कारण बहुधा गोष्टीत शोधले जाते. भूत होते का, मारामारी होती का, कुणी रडत होते का, असे विचारले जाते आणि यांपैकी काहीच नव्हते असे दिसले की मूल उगाच रडते, असे ठरवून मोठी माणसे मोकळी होतात. वस्तुतः या वयातील कितीतरी भीती गोष्ट सुरू होण्यापूर्वीच्या किंवा संपल्यानंतरच्या त्या मोजक्या सेकंदांतून येतात, ज्यांत माणूस नसतो, बोलणे नसते, असते ती केवळ एक फिरणारी आकृती आणि कुठून आला हे न कळणारा नाद. तुझ्या पत्रातला चार वर्षांचा मुलगा मालिका आवडीने पाहतो, पण मालिकेपूर्वी काळ्या पडद्यावर पडणारे दोन ठोके ऐकताच कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळतो, यात म्हणूनच नवल काही नाही.

तुझ्या आईच्या पिढीतील मुलांना या अनुभवाचा पहिला धडा दूरदर्शनच्या बोधचिन्हाने दिला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि स्वतंत्र संस्थेला स्वतःची खूण मिळाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढलेली आकृती त्यासाठी निवडली गेली, तर तिच्यासोबतची धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या नावावर आहे. कृष्णधवल पडद्यावर दोन वक्र आकार एका वर्तुळाभोवती फिरू लागत, फिरताना त्यांच्यामागे त्यांच्याच फिकट प्रती सावल्यांसारख्या रेंगाळत, आणि सारे स्थिर होई तेव्हा समोर पापणी नसलेला एक डोळा उरे. मोठ्यांना त्यात बोधचिन्ह दिसे, बातम्यांची वेळ झाल्याचे कळे. मुलाला मात्र पाहणाऱ्याकडेच पाहणारे काहीतरी दिसे, आणि मोठेपणी कितीतरी जणांनी आपण त्या वेळी आईच्या पदराआड तोंड लपवीत असू, असे मोकळेपणाने सांगितले आहे. सनई तर मराठी घरात मंगलवाद्य म्हणून वाजणारी. मग तिची भीती का वाटावी? मांडवात सनई वाजते तेव्हा फुगलेल्या गालांचा वाजविणारा समोर बसलेला असतो, शेजारी चौघडा असतो, माणसांची वर्दळ असते. पडद्यावरच्या त्या संथ सुरांना मात्र ना वाजविणारा होता ना मांडव.

या स्थितीला संगीतशास्त्रात नाव आहे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी, ज्याचा उगम दिसत नाही अशा ध्वनीसाठी ‘अकूस्मॅटिक’ ही संज्ञा रूढ केली. ती त्यांनी पायथागोरसाविषयीच्या एका आख्यायिकेतून उचलली. तो पडद्याआडून शिकवी आणि शिष्यांना केवळ त्याचा आवाज ऐकू येई, असे त्या आख्यायिकेत सांगितले जाते. मराठीत काहीतरी झाकणारा तो पडदा आणि ज्यावर दाखवतात तोही पडदाच, आणि लहान मूल दूरचित्रवाणीसमोर बसते तेव्हा त्याच्यापुढे हे दोन्ही पडदे एकदमच असतात. कुत्रे भुंकले, पातेले पडले, शेजारी कुणी शिंकले, तर मूल दचकते, मान वळवते, कारण पाहते आणि पुन्हा खेळू लागते. जिथे मान वळवूनही कारण सापडत नाही, तिथे दचकणे पूर्ण होत नाही, ते अंगात अडकून राहते.

जुन्या काचनळीच्या संचाविषयी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण तिने मुलांवर फार मोठा अन्याय केला. भारतात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे उमटत, म्हणजे संचातील रोहित्राला सेकंदाला १५,६२५ वेळा स्पंदन पावावे लागे, आणि त्यातून एक अतिशय बारीक, टोचणारी शिटी सतत निघे. लहान मुलांच्या कानांना ती स्पष्ट ऐकू येते. वय वाढते तशी उंच स्वर ऐकण्याची शक्ती कमी होत जाते, त्यामुळे घरातल्या आजीआजोबांना ती ऐकूच येत नसे. टीव्ही ओरडतो, असे म्हणणाऱ्या मुलाला ‘काही ओरडत नाही, गप्प बस’ हे उत्तर मिळे, आणि खरे बोलत असे ते मूलच. संच बंद केल्यावर चित्र आक्रसून मधोमध पांढरा ठिपका होई आणि तो अंधारात काही वेळ तसाच राही; लाकडी पेटीची शटरे ओढून घेतली तरी आत तो आहेच, असे वाटत राही. प्रक्षेपण संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या ‘मुंग्या’ आणि त्यांची खरखर, किंवा रंगीत पट्ट्यांबरोबर वाजणारा न थांबणारा एकसुरी ‘टूंऽऽ’, यांचेही तेच. श्वास घेणाऱ्या कोणत्याही प्राण्याचा आवाज इतका वेळ इतका सपाट राहत नाही, हे मुलाला कुणी शिकवावे लागत नाही.

मूल काय पाहून घाबरते, याचा सर्वांत धीराचा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी केला. सिंथिया हॉफनर यांच्याबरोबर १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी एका म्हातारीची चित्रफीत चार प्रकारे तयार केली होती: दिसायला चांगली किंवा कुरूप, वागायला प्रेमळ किंवा दुष्ट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा निर्णय दिसण्यावर अधिक झुकला, मोठ्या मुलांचा वागण्यावर. त्याच वर्षी आपल्याकडे ‘विक्रम और बेताल’ ही मालिका सुरू झाली होती. त्यातला वेताळ न्यायाचे प्रश्न विचारी, पण धाकट्यांना ना न्याय कळे ना प्रश्न. त्यांच्यापर्यंत पोहोचत ते पांढरे केस आणि ते हसणे.

आणखी एक धागा मोठ्यांच्या चेहऱ्याचा आहे. अनोळखी गोष्टीसमोर बाळ आधी आईच्या तोंडाकडे पाहते आणि तिथे जे दिसेल त्यावरून त्या गोष्टीचा अर्थ लावते. मानसशास्त्रात यास ‘सामाजिक संदर्भन’ म्हणतात. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्यानंतरचे काही दिवस दूरदर्शनवर शोकाचे सूर वाजत राहिले. त्या सुरांचा अर्थ चार वर्षांच्या मुलाला कळणे शक्य नव्हते, पण घरातले सगळे उभे राहून, न बोलता पडद्याकडे पाहत आहेत, हे त्याला दिसत होते. वाद्यसंगीत लागले की काहीतरी वाईट घडले, ही गाठ ज्या मुलांच्या मनात त्या आठवड्यात बसली, त्यांना वेडे म्हणता येणार नाही.

त्याची भीती कशी घालवावी, या तुझ्या प्रश्नाकडे वळायचे तर, ‘ते खरं नसतं रे’ हे सांगणे त्या वयात फारसे उपयोगी पडत नाही, असे कँटर यांच्याच कामातून दिसते. ‘इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतला हिरवा राक्षस मुलांना घाबरवी, तेव्हा लू फेरिग्नो या नटाच्या अंगाला रंग लावला जात असल्याचे चित्रण मुलांना आधी दाखविले गेले आणि त्यांची भीती उतरली. राक्षस खोटा आहे, हा उपदेश ऐकण्याऐवजी त्यांना राक्षस बनताना पाहायला मिळाले होते. त्यामुळे घरातल्या घरात असे करून पाहावे: टीव्ही बंद असताना मोठे पातेले पालथे घालून त्यावर लाकडी डावाने तेच दोन ठोके आधी तू वाजवावेस, मग डाव त्याच्या हाती द्यावा, आणि तो कंटाळेपर्यंत त्याला वाजवू द्यावे. पडद्यावरचे ठोके त्यानंतर लावायचे झाले तर रिमोट त्याच्याकडे असावा आणि आवाज किती ठेवायचा हे त्याने ठरवावे. त्या वेळी त्याचे लक्ष तुझ्या तोंडाकडे जाईल, तेव्हा फोन खाली ठेवलेला बरा.

पातेल्याला पोचा आला तर ते इकडे पाठवून दे, येथील तांबट काका ठोकून देतील. बाळाला गोड पापा.

– मामा