कोरडा स्नेह

संस्कृतातून आपल्याकडे आलेल्या 'स्नेह' या शब्दाला तेल आणि प्रेम असे दोन्ही अर्थ आहेत. आमच्या घरची रीतही या कोशाला धरूनच होती. रहाट कुरकुरला की तेल, झोपाळ्याच्या कड्या वाजल्या की तेल, शिवणयंत्र जड चालू लागले की तेल. ज्या वस्तूवर जीव, तिच्यावर बुधली रिती! म्हणूनच गेल्या हिवाळ्यात कॅनडातील क्वेबेक प्रांती भाच्याकडे असताना त्याला स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या त्या गाडीचा, क्लच साफ करताना पाहिले, तेव्हा प्रथम डोळ्यांत भरली ती बुधलीची अनुपस्थिती.

"तेल कुठे घालतोस रे?" मी विचारले.

"मामा, इथे एक थेंबही चालायचा नाही."

कारण रचनेतच होते. इंजिनाच्या दांड्यावर एक कप्पी, मागे दुसरी. प्रत्येकीला दोन उतरत्या तबकड्या आणि दोन्हींना जोडणारा रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या कप्पीतील वजने बाहेर झुकतात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा त्यांच्या कडेकडे चढतो. मागच्या तबकड्या त्याच वेळी फाकतात व तेथे तो खोल उतरतो. आपल्या रस्त्यांवरील बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटातही हीच युक्ती असते. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने ती आपल्याला ओळखीची करून दिली. हा सारा व्यवहार घर्षणावर चालतो. मध्ये ओशटपणा आला की पट्टा घसरतो, तापतो आणि अखेर तुटतो.

भाच्याने किल्ली काढून घेतली, क्लच गार झाल्याची खात्री केली आणि मागच्या तबकड्या फाकवून पट्टा उतरवला. त्याच्यावरील बाणाची दिशा ध्यानात ठेवली. पट्टा वाकवून चिरा, उसवलेले धागे, भाजल्यासारखे चकाकणारे डाग शोधले. रुंदी पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहिली. नाकातोंडाला फडके बांधून पट्ट्याची काळी भुकटी हवेच्या झोताने उडवली. तबकड्या बारीक घासणीने हलकेच घासल्या आणि स्पिरिटच्या फडक्याने, फडके काळे होईनासे होईपर्यंत, पुसल्या. पुढची कप्पी मात्र त्याने खोलली नाही. तिच्यात दाबून बसवलेली स्प्रिंग असते. योग्य हत्याराविना ती उसळली तर बोटांवर बेतायचे. शेवटी पट्टा बाणाच्या दिशेने चढवून त्याने एक नवा पट्टाही गाडीत ठेवला.

एवढी दक्षता कशासाठी? या यंत्राचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. क्वेबेकमधील वाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांना बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले. इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल दगावले. पुढे १९३७ साली सात जणांना नेणारी त्यांची 'बी-७' आली, आणि १९५९ साली आजच्या स्नोमोबाईलच्या वळणाची लहानखुरी 'स्की-डू'. ज्या गाडीमागे अशी एक न गाठलेली वाट उभी आहे, तिचा पट्टा निर्जन रानात तुटणे ही साधी खोळंब्याची गोष्ट नव्हे.

कोशातील दोन अर्थ तेथे माझ्यापुरते वेगळे झाले. तेल न घालता, घर्षण निर्मळ राखूनही जीव लावता येतो. माणसांच्या बाबतीतही कित्येकदा असेच असावे. बोलण्यात ओलावा नसलेली किती माणसे आपल्याला नेमकी धरून ठेवतात!

दुसऱ्या दिवशी पहाटे शून्याखाली २५ अंश थंडी होती. भाचा गोठलेले तळे ओलांडून निघाला. खिडकीशी उभा राहून मी गाडीचा आवाज ऐकत होतो. दूर जाईपर्यंत तो कोठेही अडखळला नाही.