फ्यूज खिशात

मजुरी देऊन जे फिटतं ते देणं मी ऋणात धरत नाही. आमच्या मैंदर्गीच्या घराचं वायरिंग ज्या अण्णांनी सांभाळलं, त्यांचे पैसे आईने नेहमी वेळच्या वेळी दिले. माझ्याकडे त्यांचं बाकी आहे ते निराळंच. लाईटचं झिजलेलं बटण जिवाला धक्का न लागता कसं बदलायचं, हे त्यांनी मला शिकवलं. कुठे हात आखडता घ्यायचा, हेही.

मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नगरपरिषद आहे म्हणून कागदोपत्री शहर, बाकी सगळी रीत गावाचीच. निम्मं गाव घरात कन्नड बोलतं आणि बाजारात मराठी. अण्णा मला ‘तंगी’ म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते, पण त्यांनी बहीण म्हटल्यावर मला त्यांना अण्णाच म्हणणं भाग होतं.

घर धाब्याचं, भिंती दगडमातीच्या. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकून त्यावर पट्टी, पट्टीवर क्लिपांनी दाबलेली वायर आणि गोल लाकडी ब्लॉकवर बॅकेलाइटची बटणं. लिओ बेकलँडने 1907 साली शोधलेला हा पदार्थ तापला तरी वितळत नाही आणि वीज वाहू देत नाही, म्हणून जुन्या बटणांचं अंग त्याचं. पण अंग धडधाकट राहिलं तरी आतला जीव जातो. स्प्रिंग दमते, खटका टक्कन न पडता रेंगाळतो आणि मधल्या फटीत ठिणगी खेळत राहते. प्रत्येक ठिणगी संपर्काच्या टोकाचा कण खाते, टोक खडबडीत होतं, तापतं, आणखी ठिणग्या उडतात. आमच्या माजघरातलं पंख्याचं बटण असंच चटचटायचं. आई म्हणायची, दोनदा दाबलं की लागतं की. अण्णांनी मात्र बटणाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, “वहिनी, हे करपलंय. आज नाही तर उद्या ब्लॉक पेटंल.”

ते भारनियमनाचे दिवस होते. खेड्यापाड्यांत दहा-बारा तास लाईट नसायची. गावात सगळी दुरुस्ती त्याच वेळात चालायची, कारण लाईट नाही म्हणजे भीती नाही, असा सगळ्यांचा समज. अण्णांचा सगळ्यात मोठा राग या समजावर. मीही एकदा त्यांना सुचवलं, “अण्णा, आत्ता लाईट नाहीये, लगेच बदलून टाका.” स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, “तडी तंगी, तडी,” म्हणजे थांब. “लाईट गेलंय. आपण बंद केलेलं नाही. जे गेलंय ते विचारून येतंय का?”

मग त्यांनी लाईट येईपर्यंत वाट पाहिली. आई चहा करून थकली. लाईट आल्यावर त्यांनी चटचटणाऱ्या बटणाच्या स्क्रूला टेस्टर लावून आतला लाल दिवा मला दाखवला. मग मेन स्विचचा लोखंडी दांडा खाली ओढला, पेटी उघडून चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. वर गुंडी लावली. फ्यूज पेटीजवळ ठेवला तर घरातलं कुणीतरी पंखा का बंद म्हणून तो परत बसवणार. खिशातला फ्यूज काढायला आधी अण्णांनाच विचारावं लागणार. मोठ्या कारखान्यांत यंत्र दुरुस्त करताना मेनला कुलूप घालून किल्ली कामगाराच्या खिशात देतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मैंदर्गीत ते काम एका गुंडीवर भागत होतं.

फ्यूज खिशात गेल्यावर पुन्हा त्याच स्क्रूला टेस्टर. आता दिवा नाही. तरी हात लावायचा नाही. शेजारच्या घरी जाऊन, त्यांच्या सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो का ते पाहून यायला त्यांनी मला पाठवलं. “मधल्यामध्ये टेस्टरच मेला असंल तर?” टेस्टर म्हणजे एक निऑनचा बारका दिवा आणि करंट रोखणारा मोठा रोध, त्यातून आपल्या अंगाला न जाणवण्याइतका करंट वाहतो तेव्हा तो उजळतो. न उजळण्याची कारणं मात्र बरीच असतात. म्हणूनच गेलेल्या लाईटमध्ये काम करायचं नाही, कारण आपण पाडलेला मेन हा या बटणाचाच होता का, हे तेव्हा टेस्टरही सांगू शकत नाही.

मग बटण उघडलं. एका स्क्रूखाली दोन तारा, दुसऱ्याखाली एक. दोन तारांपैकी एक फेज घेऊन येणारी, दुसरी तीच फेज शेजारच्या बटणाला पुढे देणारी. एकटी तार वर पंख्याकडे जाणारी. अण्णांनी जोडीच्या तारांना लाल दोरा बांधला आणि मगच त्या सोडल्या. तांब्याची टोकं काळी पडलेली. तेवढा तुकडा कापून त्यांनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर सोलली, अर्ध्या इंचाहून जास्त नाही. टोक पीळ देऊन दुमडलं, स्क्रूखाली घातलं, आवळलं आणि मग तार जोराने ओढून पाहिली. तार हलली नाही आणि उघडं तांबं बाहेर डोकावलं नाही, की तो जोड पास. “बटण बिचारं उगाच बदनाम हाय,” ते म्हणाले. “जाळतंय ते ढिल्ला स्क्रू.”

नवं बटण घेताना काय बघायचं तेही त्यांनी सांगितलं. आयएसआयचा शिक्का. दिवा-पंख्याला 6 अँपिअरचं चालतं. इस्त्री, गिझर, पाण्याची मोटर यांना 16 चं. त्यांच्या तोंडी मात्र जुने 5 आणि 15 हेच आकडे होते.

एक गोष्ट त्यांनी हातानेच दाखवली. न्हाणीघरातल्या दिव्याचं बटण बंद, दिवा विझलेला आणि होल्डरमध्ये टेस्टर लावला तर लाल उजेड. बटण फेजवर असायला हवं, ते न्यूट्रलवर आलेलं. खांबावरचा जोड पुन्हा करताना दोन तारांची अदलाबदल झाली की घरातलं प्रत्येक बटण असं खोटं होतं. दिवा विझतो, पण 230 व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन थांबलेले असतात. ओल्या हाताने बल्ब बदलणारा माणूस बटण बंद आहे या भरवशावर तिथे बोट घालतो. मेन दोन्ही तारा तोडतो, बटण एकच. त्या दिवसापासून आमच्या घरी बल्ब बदलायलाही मेन पडू लागला.

हे सगळं त्यांनी मला का शिकवलं असेल? बटण बदलण्याच्या मजुरीतच त्यांचा रोजचा चहा निघायचा, आणि मी एक बटण बदललं की तेवढी मजुरी बुडायची. एकदा मी विचारलंही. ते म्हणाले, “मी दुधनीला कामावर असतो, अक्कलकोटला असतो. तुम्ही दोन दिस वाट बघणार, तिसऱ्या दिवशी कुणीतरी चाकू घेऊन बोर्ड उघडणारच. मग ते शिकून उघडू दे.” माणसं थांबत नाहीत हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. ‘हात लावू नका’ एवढंच सांगून ते मोकळे झाले असते, तर आमच्या आळीत त्यांना कुणी दोष दिला नसता.

पण शिकवणीला त्यांनी कुंपणही घातलं होतं. बटणाच्या जागी बटण, एवढंच माझं. बोर्ड वाढवणं, नवा पॉइंट काढणं, अर्थिंग, मेनच्या अलीकडची वायर, हे परवान्याच्या वायरमनचं. “आणि वायर मोडली की तू बी थांब,” हे वर.

वायर मोडली ती मी पुण्याहून सुट्टीला गेले होते तेव्हा. स्वयंपाकघरातलं बटण बदलायला फ्यूज खिशात टाकून ब्लॉक उघडला, तर वायरवरचं रबर बोट लागताच भुग्यासारखं गळायला लागलं. आतली तांब्याची तार उघडी पडली. भिंतीला पावसाळ्याची ओल होती. बटण परत न बसवता मी अण्णांना निरोप धाडला.

ते आले, पाहिलं आणि सगळं घर नव्याने करायला लागेल म्हणाले. जुनी पट्टी निघाली, पीव्हीसीचे पाइप आले, एमसीबी आली, आणि 30 मिलिअँपिअर गळतीलाच लाईट तोडणारा आरसीसीबी त्यांनी हट्टाने बसवायला लावला. शेवटी हिशोबाला बसलो. पॉइंटमागे दर लावून त्यांनी बिल केलं आणि त्यात एक रुपया कमी करायला तयार होईनात. आईने घासाघीस केली, “आमची पोर तुमची शिष्य की ओ, अण्णा!”

“शिकवलेलं फुकट हाय वहिनी,” पैसे मोजत अण्णा म्हणाले. “काम फुकट नाही.”