अडलेला दांडा

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण दुसऱ्याला हसताना वापरतो. परंतु दुखणे एकीकडे आणि उपचार भलतीकडे, हा प्रकार आपल्या अंगणातही नित्य घडत असतो. यंत्रांच्या बाबतीत तर तो विशेष घडतो. कारण यंत्राला वाचा नसते आणि माणसाला धीर नसतो.

गेल्या रब्बीत, बेळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी, काकांच्या जुन्या ट्रॅक्टरचा गिअरचा दांडा अडला. पाऊस उघडून काळ्या रानाला नुकताच वाफसा आला होता. वाफसा कोणाची वाट पाहत नाही. वरची ओल उडाली, की पेरलेला जोंधळा नीट उगवत नाही. त्यामुळे जमलेली मंडळी उतावीळ झाली. कोणी दांड्यावर लोखंडी नळी चढवून ओढू म्हणे, कोणी घण आणावयास निघाला. गावच्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र सर्वांना थांबविले. ते म्हणाले, “आधी त्याला विचारू तरी, कुठं दुखतंय ते!”

त्यांचे हे विचारणे आम्ही जवळून पाहिले. पहिला प्रश्न क्लचला. इंजिन चालू असताना दांडा अडतो व बंद केल्यावर सहज सरकतो, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे आणि पेडलची ढिलाई तपासावी. येथे इंजिन बंद असूनही दांडा हलेना. दुसरा प्रश्न दात्यांना. ताणाखाली दाते कधी एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून सपाट जागी, क्लच दाबून, ट्रॅक्टर वीतभर पुढे-मागे ढकलला. उपयोग झाला नाही. तिसरा प्रश्न तेलाला. पाणी शिरले असेल, तर तेल दुधाळ दिसते व आत गंज धरतो. तेल स्वच्छ होते.

मग चाकांखाली दगड लावले, बॅटरीची तार सोडविली, आत कचरा पडू नये म्हणून दांड्याभोवतीची माती पुसली आणि झाकण उघडले. आत समांतर सळया असतात. प्रत्येकीवर दुबेळक्याच्या आकाराचा फोर्क असतो व तो दात्यांचे चाक सरकवितो. दांड्याचे खालचे टोक सळईच्या खाचेत शिरून तिला ढकलते. येथे एक सळई गिअरमध्येच राहिली होती आणि झिजलेले टोक तिच्या खाचेतून निसटून शेजारच्या सळईच्या खाचेत शिरले होते. सळयांमध्ये एक लहानशी खीळ असते. एक सळई सरकली, की ती दुसरीला हलू देत नाही. दोन गिअर एकाच वेळी पडले, तर सारे यंत्र जखडून जाईल! म्हणजे ज्या अडथळ्यावर मंडळी संतापली होती, तो रखवालदाराचे काम बजावीत होता. घणाचा घाव बसता, तर फोर्क मोडला असता.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने सळई हळूच मधोमध आणली. ‘खट्’ असा आवाज होऊन ती आपल्या जागी बसली.

“चला, लागू पेरणीला,” काका हर्षाने म्हणाले.

“मालक, टोक झिजलंय ते झिजलेलंच आहे. उद्या उतारावर अडला तर?”

काका क्षणभर रानाकडे पाहत राहिले; मग त्यांनी मान डोलावली. टोकावर वेल्डिंगने भर घालून, कानशीने घासून ते मापात आणण्यात तो दिवस गेला. पेरणी दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. बांधाकडचे दोन पट्टे विरळ उगवले. उरलेले रान भरून आले. त्या पट्ट्यांविषयी कोणी विचारले, तर काका एवढेच म्हणतात, “ती मिस्त्रींची फी.”

विद्यार्थिमित्रहो, न सुटणारे गणित असो वा रुसलेला सोबती असो, बळ लावण्यापूर्वी एकेक कारण क्रमाने पारखून पाहावे. त्यात वेळ जातो, क्वचित नुकसानही सोसावे लागते. पण आतले काही मोडत नाही.