आखूड, जाड आणि सावकाश

रोबुस्टो. क्युबाच्या मापात लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी पाऊण इंचाहून जराशी जास्त. मला सिगारमध्ये हेच माप आवडतं. जाड सिगारच्या पोटात निरनिराळी पानं मावतात. झाडाच्या शेंड्याचं जाड, कडक पान सावकाश जळतं, म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो. मधल्या उंचीवरचं पान वासासाठी, बुडाजवळचं धग टिकवायला. बारीक सिगारमध्ये ही मांडणी दाटते आणि धूर लवकर तापतो. शिवाय रोबुस्टो आखूड असल्यामुळे पाऊण तास ते तासाभरात आटपतो. खालापूरकडच्या आमच्या लोधिवलीत संध्याकाळी दिवे जाण्याआधी एवढाच वेळ हाताशी असतो.

•

आषाढात पुढच्या ओट्यावर बसायची सोय नाही. वारा झोडपतो, सिगार एका अंगाने जळत जातो. मागच्या पडवीत बसावं. इरशाळगड ढगात गेलेला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कंटेनरांचा आवाज तेवढा येतो.

•

इथली खरी लढाई ओढण्याची नाही, टिकवण्याची आहे. सिगारला ६५ ते ७२ टक्के आर्द्रता मानवते. खालापूरच्या पावसाळ्यात हवाच नव्वदीच्या घरात असते. उघडा ठेवला तर पान फुगतं, शिवणीशी उकलतं, वर बुरशी धरते. मी रबरी कडीचा हवाबंद डबा वापरतो. आत देवदाराची फळी, ओलावा राखणारं ६९ टक्क्यांचं पाकीट आणि छोटा आर्द्रतामापक. लाकडी पेटी दिसायला देखणी, पण या हवेत डबाच बरा.

दुसरा शत्रू तंबाखूतला भुंगेरा. अंडी पानातूनच आलेली असतात, उष्मा वाढला की उबतात. वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि खाली चिमूटभर भुकटी दिसली, की समजावं. म्हणून नवा सिगार आला की दुहेरी पिशवीत बांधून आधी फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर वेष्टन तडकतं.

•

टोपी कापताना हात आवरावा. खांद्याच्या वर, जेमतेम नखाएवढी चकती. खाली कापलं की वेष्टन सुटलंच. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो. आगपेटीची लांब काडी घ्यावी, गुल जळून जाऊ द्यावा, मग ज्योत न टेकवता सिगारचं तोंड फिरवत शेकावं. कडेने लाल वर्तुळ पूर्ण झालं की ओठाला लावावा. मिनिटाला एक झुरका पुरे. पहिल्या भागात मिरी, मध्यावर कॉफीचा कडसरपणा आणि ओल्या लाकडाचा वास, शेवटी तिखट. राख इंचभर होईपर्यंत झटकत नाही. ती असली की धग शांत राहते.

•

शेजारचे तात्या बिडीवाले. न पेटवलेला सिगार त्यांनी हातात घेऊन हुंगला.

“दादा, हा तं गुरांच्या वाड्याचा वास!”

अगदी बरोबर ओळखलं. पानांच्या गंजी रचून त्या आपल्याच उष्णतेने आंबवतात, तेव्हा अमोनिया सुटतो. शेणाच्या ढिगातही तोच असतो. चांगल्या सिगारचा हा वास इथल्या माणसाला ओळखीचा वाटावा, यात मला फार समाधान आहे.

•

महाराष्ट्राने सिगार पाहिला तो बहुधा बाळासाहेब ठाकऱ्यांच्या हातात. पण वळलेल्या पानाशी आपला खरा संबंध बिडीचा. विदर्भातलं तेंदूपान उन्हाळ्यात खुडलं जातं, आणि सोलापूरच्या बायका मांडीवरच्या सुपात ते कातरून, जर्दा भरून, दोरा गुंडाळून हजारी भावाने बिड्या वळतात. सोलापूरजवळच्या कुंभारीला या बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. बिडीची तंबाखू पिकवणारे निपाणीचे शेतकरी भावासाठी रस्त्यावर उतरले तेव्हा, १९८१ च्या एप्रिलमध्ये, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. हवानात सिगार वळणाऱ्यांना कारखान्यात मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा वाचक असतो. ही प्रथा एकोणिसाव्या शतकातली. आपल्या वळणारणींच्या वाट्याला असा मान आला नाही, याचं मला वाईट वाटतं. कौशल्य तेच, बोटं तीच.

•

धूर गिळत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी, हे खोटं आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. म्हणून माझ्याकडे नियम आहे: महिन्याला एखादा, घरात नाही, पोरांसमोर नाही. ज्याने कधी ओढला नाही त्याला मी देत नाही, मागितला तरी.

•

मार्गशीर्षात हवा कोरडी पडते. तेव्हा डब्यातलं पाकीट बदलून ७२ टक्क्यांचं ठेवायचं, आणि वर्षभर मुरलेल्यांपैकी एक काढायचा. ताज्यापेक्षा मुरलेला नेहमीच गोड. तात्यांना विचारलं तर म्हणतात, “तुमचा तुम्हालाच, मला माझी बिडी.”