एकच काडतूस, दोन बंदुका : बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर

मुलांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालू या. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल अशा दोन स्पर्धा असतात. दोन्हींत वापरतात ते काडतूस एकाच जातीचं. पण रायफलवाल्याला ५० मीटरवरून जे दहा गुणांचं वर्तुळ टिपायचं असतं, त्याचा व्यास असतो फक्त १०.४ मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा! पिस्तूलवालीला मात्र निम्म्याच अंतरावरून ५० मिलिमीटरचं वर्तुळ मिळतं. अंतर निम्मं आणि वर्तुळ जवळजवळ पाचपट! मग पिस्तूलवाली मंडळी काय कच्चं लिंबू म्हणून खेळतात?

मुळीच नाही. उत्तर शोधायला चला पुण्याजवळच्या बालेवाडीला.

मुंबई-बंगळूर महामार्गाला लागूनच म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही इथेच झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच रेंजवर घडला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं जावी लागली.

रेंजवर पाऊल टाकलंत की पहिली गोष्ट लक्षात येते ती शांतता. सिनेमातल्यासारखी धाडधाड इथे नाही. १० मीटरच्या दालनात तर नुसता ‘टप्, टप्’ असा आवाज येतो. कारण इथे दारू नसतेच! एअर रायफल आणि एअर पिस्तूल दाबून भरलेल्या हवेवर चालतात. नळीखाली हवेचा सिलिंडर असतो. चाप दाबला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि शिशाचा छर्रा पुढे ढकलते. छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा आणि वजनाला साधारण अर्धा ग्रॅम. डमरूसारखा मध्ये बारीक, मागून पोकळ. ही पोकळ बाजू हवेच्या दाबाने फुलते, नळीला घट्ट बसते आणि हवा वाया जात नाही. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका किती मोठा असतो, सांगा पाहू? अर्धा मिलिमीटर! या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, जवळजवळ तेवढाच.

आता ५० मीटरच्या रेंजकडे जाऊ. इथे खरं काडतूस भेटतं. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण काडतुसाचे चार भाग असतात. पुढे टोकाला शिशाची गोळी. तिला धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. पुंगळीत दारू. आणि ती दारू पेटवणारा, ठोका बसताच भडकणारा मसाला. नेम लागतो तो फक्त गोळीचा. पुंगळी मागेच राहते.

ऑलिम्पिकच्या या काडतुसाला म्हणतात ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’. पॉइंट टू टू म्हणजे इंचाचे २२ शतांश, म्हणजेच सुमारे ५.६ मिलिमीटर. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम. नावात ‘रायफल’ असलं तरी ते पिस्तुलातही चालतं. याचा पेटवायचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, काठाकाठाने भरलेला असतो. म्हणून ठोका कडेवर मारावा लागतो. मोठ्या काडतुसांमध्ये मात्र मसाल्याची वेगळी छोटी टोपी बुडाच्या मधोमध बसवतात. रिकाम्या पुंगळीचं बूड पाहिलं की जाणकार लगेच ओळखतात, खूण कडेला आहे की मध्यभागी.

सगळीच काडतुसं मात्र अशी दोन्हीकडे चालणारी नसतात. सैन्याच्या रायफलचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस घ्या. त्याची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी फक्त १९ मिलिमीटर. म्हणजे गोळी जाड, पण पुंगळी आखूड! असं का? रायफलची नळी लांब असते. तीत गोळीला पळायला वाव मिळतो. म्हणून पुष्कळ आणि सावकाश जळणारी दारू तिथे कामी येते. ती गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहते आणि वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर जातो. पिस्तुलाची नळी वीतभरसुद्धा नसते. तिथे थोडी आणि चटकन जळणारी दारू हवी, नाहीतर उरलेली दारू नळीबाहेरच भक्कन जळून फुकट जायची. ९ मिलिमीटरच्या गोळीचा वेग साधारण सेकंदाला ३५० मीटर असतो.

आणि ‘रायफल’ हे नाव तरी कुठून आलं? नळीच्या आत कोरलेल्या मळसूत्री खाचांना इंग्रजीत ‘रायफलिंग’ म्हणतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. फिरणारा भोवरा कसा ताठ उभा राहतो आणि थांबला की कलंडतो? तसंच हे. फिरणारी गोळी भरकटत नाही. गंमत म्हणजे अशा खाचा पिस्तुलाच्या नळीतही असतात, पण नाव मात्र रायफललाच मिळालं! १८५७ सालची एन्फील्ड रायफल तुम्ही इतिहासात वाचली असेल. तिचं काडतूस कागदी होतं आणि ते दातांनी फाडावं लागे. त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बातमीने शिपाई भडकले. आज पितळी पुंगळ्यांची काडतुसं पुण्यातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

आता आपल्या कोड्याकडे वळू. काडतूस एकच, मग फरक कुठे? फरक आहे धरण्यात आणि पाहण्यात.

रायफलला दस्ता असतो. तो खांद्यात रुततो, गाल त्यावर टेकतो, दोन्ही हात आधाराला असतात. पिस्तूल मात्र या स्पर्धांमध्ये एकाच हाताने धरायचं, तेही हात सरळ ताणून. खांद्याचा आधार नाही की दुसऱ्या हाताचा नाही. एक किलोचं वजन हातात घेऊन दोन मिनिटं असे उभे राहून पाहा. बोटांची थरथर आपोआप कळेल.

दुसरा फरक गणिताचा आहे. नेम धरायला नळीवर मागे एक आणि पुढे एक अशा दोन खुणा असतात. पिस्तुलात त्या साधारण २० सेंटिमीटर अंतरावर असतात, रायफलमध्ये समजा ८० सेंटिमीटर. पुढची खूण एकच मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर चूक किती होईल? २५ मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या १२५ पट. म्हणून पिस्तुलाची गोळी १२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाईल! रायफलची त्याच अंतरावर सुमारे ३१ मिलिमीटरच जाईल. एक मिलिमीटरची चूक, पण तिची शिक्षा पिस्तुलाला चौपट. सुटलं ना कोडं? पिस्तुलाचं वर्तुळ मोठं आहे, ते उगीच नाही.

म्हणूनच रायफलवाला जाड जाकीट घालून, पुतळ्यासारखा स्थिर होऊन नेम धरतो. स्वप्नीलच्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे गोळ्या मारायच्या असतात. प्राथमिक फेरीत साठ गोळ्यांत त्याने ६०० पैकी ५९० गुण मिळवले होते. पिस्तूलवाल्यांची परीक्षा वेगळी. मनू भाकरचंच पाहा. २०२१ मध्ये टोकियोत ऐन स्पर्धेत तिचं एअर पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत अमूल्य मिनिटं गेली आणि अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. पण ती खचली नाही. २०२४ मध्ये पॅरिसहून तिने दोन कांस्यपदकं आणली. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने रायफल निवडली आणि २०१० मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, तर राही सरनोबतने पिस्तूल निवडून २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. दोघी एकाच गावच्या, वाटा मात्र निराळ्या.

आता एक गोष्ट नीट लक्ष देऊन वाचा, आणि आईबाबांनाही वाचायला द्या.

पॉइंट टू टूची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी. पण आडवं काहीच आलं नाही, तर ती दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. म्हणूनच रेंजवर लक्ष्यांच्या मागे भक्कम आडोसा असतो. म्हणूनच नियम कडक असतात. बंदूक रिकामी असली तरी भरलेली आहे असंच समजायचं. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडेच. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. ‘स्टॉप’ ऐकू आलं की त्या क्षणी थांबायचं. नेमबाजी रिकामी ठेवताना नळीत रंगीत दोरी घालतात, म्हणजे ती रिकामी आहे हे दुरूनही दिसतं. सराव संपला की हात साबणाने धुवायचे, कारण शिसं पोटात जाणं वाईट. जगातला सर्वांत मोठा नेमबाजसुद्धा या नियमांतून सुटत नाही.

आणि कधी रस्त्यावर, शेतात किंवा जुन्या ट्रंकेत काडतूस सापडलं तर? ते उचलायचं नाही, दगडाने ठोकायचं नाही, विस्तवात टाकायचं नाही. मसाला कुठे असतो ते आता तुम्हाला ठाऊक आहे. एक ठोका पुरतो. लगेच मोठ्या माणसांना सांगायचं आणि त्यांनी पोलिसांना कळवायचं. विनापरवाना काडतूस जवळ बाळगणं हा कायद्याने गुन्हाच आहे.

नेमबाजी शिकायची असेल तर जरूर शिका, पण रीतसर रेंजवर, प्रशिक्षकांच्या नजरेखाली आणि १० मीटरपासून. तोपर्यंत घरी एक सराव करा. भिंतीवर एक ठिपका काढा, हात सरळ धरून बोटाचं टोक त्यावर ठेवा आणि श्वास हळूच सोडत किती सेकंद ते हलत नाही ते मोजा. याला ना बंदूक लागते, ना काडतूस. आज पाच सेकंद जमले, तर महिन्याभराने किती जमतात ते वहीत लिहून ठेवा.