लाल दिवा कुठे पेटला?

ढोलकी रेकॉर्ड करायची असली की तपासणीला वादकाकडून साधा ठेका नव्हे, सर्वांत जोराचा तोडा वाजवून घ्यावा. ठेक्यावर लावलेली लेव्हल तोड्याला हमखास फाटते. २४ बिटमध्ये सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास असली आणि एखादी कडक थाप उणे ८-१०पर्यंत गेली, तरी काही बिघडत नाही. टेपवर खरखर झाकायला लेव्हल चढी ठेवावी लागे. इथे ती गरजच नाही.

*

माइकचा सिग्नल कन्व्हर्टरमध्ये शून्याला आपटला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मूळ वाद्यात नसलेले स्वरांश त्यात शिरतात. नंतर फेडर खाली ओढला तर फाटलेला आवाज फक्त लहान होतो. पुन्हा वाजवून घेणे हाच खरा उपाय.

*

सॉफ्टवेअरच्या आत मात्र वेगळा कारभार. तिथे हिशेब बहुधा ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतो, रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ६४. ट्रॅक शून्याच्या वर गेला तरी मास्टर खाली घेतला की लाट शाबूत परत येते. म्हणून लाल दिवा दिसला की आधी विचारायचं: कुठे पेटला? तरीही या सवलतीवर विसंबणं मला पटत नाही. वाटेत जुन्या यंत्राची नक्कल करणारा कॉम्प्रेसर बसलेला असतो. त्याची आखणी बहुधा उणे १८च्या आसपासच्या सिग्नलसाठी असते. शून्याला टेकलेला गळा त्यात घातला की तो गुदमरतो.

*

एकच ट्रॅक तंतोतंत दुप्पट केला तर ६ डीबी वाढतात. सारख्या पातळीची दोन वेगळी वाद्यं एकत्र आली तर साधारण ३. म्हणूनच प्रत्येक ट्रॅक हिरवा, मास्टर लाल! अशा वेळी सगळे ट्रॅक निवडून एकदम ६ डीबी खाली घ्यावेत, तोल तसाच राहतो. बसवर कॉम्प्रेसर असेल तर त्याचा थ्रेशोल्डही तेवढाच उतरवावा, हे हटकून राहून जातं.

*

ईक्यू लावल्यावर आवाज ‘खुलला’ असं वाटतं, तेव्हा तो अनेकदा नुसता २ डीबी मोठा झालेला असतो. आउटपुट आधीच्या पातळीला आणून मगच बायपास करून ऐकावं.

*

मेटालिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) हा अल्बम इतका चेपलेला होता, की ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी चाहत्यांना मोकळी वाटली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांचं म्हणणं होतं की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच चेपलेले होते.

*

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणतं. त्याहून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. त्यासाठी गमावलेली थापेची धार मात्र परत येत नाही.

*

लिमिटरची मर्यादा उणे १, ट्रू पीक चालू. दोन सॅम्पलच्या मधून जाणारी लाट साध्या मीटरला दिसत नाही, आणि एमपी३ करताना माथे आणखी थोडे वर सरकतात. एमपी३ पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मीटर पाहावा.