लॅपटॉप घेण्याआधी बॅटरीचे विचारा

कोल्हापुरात वस्तू टाकून देण्याची घाई कोणाला नसते. शिवाजी उद्यमनगरात इंजिने खोलून, झिजलेला भाग नवा घडवून पुन्हा चालू करणारे मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून घरचा लॅपटॉप ‘दुरुस्त करून परवडणार नाही’ असे कानावर आले, तेव्हा आम्हाला ते पटेना.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी तो घेतला होता. दिवसा आमचे तास, रात्री मुलीचा अभ्यास. यंदा ती बारावीला, आणि टचपॅड वर उचलला गेला. आतली बॅटरी फुगली होती. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगण्यात आले, बॅटरी कीबोर्डच्या सांगाड्याला चिकटवलेली आहे, दोन्ही एकत्रच बदलावे लागतील. खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याजवळ. वर सल्ला, “सर, नवाच घ्या.” स्क्रीन, मेमरी सगळे ठणठणीत असताना!

पूर्वीच्या लॅपटॉपला खालच्या बाजूने दोन खटके असत. ते सरकवले की बॅटरी हातात. मग पातळपणाची हौस आली. अ‍ॅपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी सरळ सांगाड्याला चिकटवली. इतर कंपन्यांनीही बॅटरी आत नेली. कोणी स्क्रूने बसवली, कोणी गोंदाने. खरा फरक इथेच आहे. लिथियम-आयन बॅटरी दर चार्जिंगला थोडी थकते आणि काही वर्षांत संपतेच. जे संपणारच, ते चिकटवून टाकायचे म्हणजे चांगल्या यंत्राचीही मुदत ठरवून टाकायची. आपल्या घरांत यालाच इसराफ म्हणतात.

राजारामपुरीतल्या एका कारागिराने दोन दिवस खपून गोंद सैल केला आणि बॅटरी बदलली. मुलीचा अभ्यास सुरू झाला. पण कंपनीची बॅटरी मिळाली नाही. बाहेरची बसवली, तिची हमी सहाच महिने.

सरकारे जागी होत आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, हा युरोपीय संघाचा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू केले.

तोवर खरेदीच्या वेळी आपणच विचारायचे: बॅटरी स्क्रूने आहे की गोंदाने? सुटी मिळते का? कितीला? बदलायला किती दिवस लागतात? उत्तर बिलावर किंवा कागदावर लिहून घ्यावे.

आणि बॅटरी फुगलीच, तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. फुगवटा दाबू किंवा टोचू नका, आग लागू शकते. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तीही दुकानदाराला हक्काने विचारावी.